देव देहाती झाला

अर्जुनीच्या स्टेशनावर बाबांनी डोक्याचा दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला, डोळे मिटले आणि भर प्लॅटफॉर्मवर मोठ्याने प्रार्थना सुरू केली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत निम्मा तालुका तिथे उभा होता. दुधाच्या कॅनवर टेकलेली माणसं, कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, सगळे आमच्याकडे बघत होते. बाबांना त्याचं काही नव्हतं. "देवा, तू सोता घर सोडून आला," ते म्हणाले. "परक्या मुलखात राह्यला. घर सोडताना जिवाले का होते ते तुले मालूम हाये. माज्या पोरीकडे ध्यान दे." पुढेही ते बरंच बोलले, पण ते मला नीट ऐकू आलं नाही. बाबांचे डोळे मिटलेले बघून मायने हळूच माझ्या कानामागे काजळाचं बोट टेकवलं होतं आणि मी हसू दाबत होते.

बाबा तरुणपणी ख्रिस्ती झाले आणि त्यांच्यामागे मायही झाली. पण नजर लागण्याच्या बाबतीत तिने कधी कुणाचं ऐकलं नाही. पास्टरसाहेब रागवायचे, बाबा समजावायचे. ती दोघांनाही हो म्हणायची आणि मोहरी-मिरची घेऊन माझ्यावरून ओवाळायची ती ओवाळायचीच. त्या दिवशी मी नागपूरमार्गे मुंबईला आणि तिथून विमानाने इंग्लंडला निघाले होते. नर्सिंग झालं होतं, नागपुरात काही वर्षं नोकरी झाली होती आणि आता लीड्स नावाच्या शहरातल्या एका हॉस्पिटलने बोलावलं होतं. गाडी हलली तेव्हा माय रडली नाही. ती खिडकीला हात लावून चार पावलं चालली आणि मग प्लॅटफॉर्म संपला.

हे मी गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. राहिलेल्यांना वाटतं की आम्ही मजेत आहोत. निघालेल्यांना वाटतं की तुम्ही आम्हाला माफ केलेलं आहे. दोन्ही समजुती आम्ही वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतो, कारण त्या सोयीच्या आहेत.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. कवेलूच्या छपराची एक खोली, तिच्यात सतरंजी, भिंतीवर लाकडाचा क्रूस, हेच आमचं मंदिर. पास्टरसाहेब गोंदियाहून मोटरसायकलने यायचे. मी तिसरी-चौथीत असताना नाताळच्या उपासनेत त्यांनी मला एक ओळ वाचायला दिली. त्यांनी ती आपल्या हाताने कागदावर लिहून आणली होती: परमेश्वर देहधारी झाला. देहधारी हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. देहाती मात्र चांगला ठाऊक होता. बाबा मला धानाच्या गाडीवर बसवून गोंदियाला नेत, तेव्हा तिथला व्यापारी आम्हाला बघून आपल्या माणसाला म्हणायचा, "अरे, देहाती लोग आए हैं, इनका माल देख." त्या उपासनेत मी ताठ उभी राहिले आणि खणखणीत आवाजात वाचलं, "परमेश्वर देहाती झाला!"

खोली हसून लोळली. पास्टरसाहेबांचा चेहरा पडला. मला रडू फुटणार एवढ्यात बाबा उठून उभे राहिले. "पोरगी गलत नाही वाचली, साहेब," ते म्हणाले. "देहातीच झाला तो. सुताराच्या घरी वाढला, गुरांच्या कोठ्यात जन्मला. शेहरात कोन त्याले जागा देल्ली?" पास्टरसाहेबांनाही हसू आलं. त्या नाताळचा उपदेश त्यांनी त्यावरच केला. येशू अर्धा देव आणि अर्धा माणूस नाही, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, असं ते म्हणाले. मला त्यातलं काही कळलं नाही. एवढं कळलं की जो आपल्यासारखा झाला तो आपल्याकडे बघून नाक मुरडणार नाही.

बाबांनी ते वाक्य उचलून धरलं. गोपाळकाकांची धानाची बांधी आमच्या शेताला लागून होती. काका महादेवाचे भक्त, महाशिवरात्रीला न चुकता नागऱ्याच्या शिवमंदिरात जाणारे. रोवणीच्या दिवसांत दुपारी धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, बसून भाकर खाताना दोघांचं चालायचं. "आमचा देवही अवतार घेते," काका म्हणायचे. "तुमच्यात नवीन का हाये?" बाबा म्हणायचे, "नवीन काही नाही गा. पन हा रडला. भुका राह्यला. थकून झोपला. लोकायचा मार खाल्ला, मेला." "मंग देव कायचा?" काका विचारायचे. बाबा बोट वर करून म्हणायचे, "तेच तं!" दोघं हात धुऊन पुन्हा चिखलात उतरायचे.

हा देहाती देवाचा किस्सा मी लीड्सला घेऊन आले. तिथे आमची एक फेलोशिप आहे, नागपूरची, केरळची, पंजाबची कुटुंबं, रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रार्थनेला भेटणारी. पहिल्याच ख्रिसमसला मी तो इंग्रजीत सांगितला. लोक हसले, टाळ्या वाजल्या, एका बाईने डोळे पुसले. मग दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, सिस्टर, ती तुझी व्हिलेजची स्टोरी सांग ना. मी सांगायची. हळूहळू मी तिला शेपूट जोडलं. देवानेही घर सोडलं, तोही आपल्यासारखाच मायग्रंट होता, म्हणून त्याला आपलं दुःख कळतं, असं मी शेवटी म्हणायची. स्टेशनावरची बाबांची प्रार्थना मी अशी कामाला लावली. सगळ्यांना बरं वाटायचं, आणि सगळ्यांत जास्त मला.

बरं वाटायची गरजही होती. इथे माझं आयुष्य ड्युटीच्या रोटावर चालतं. लाँग डे, नाइट, दोन डे ऑफ, पुन्हा लाँग डे. नवरा नागपूरचा आहे, तो वेअरहाउसमध्ये शिफ्ट मॅनेजर आहे. मुलगी इथेच जन्मली, तिला मराठी कळते पण उत्तर इंग्रजीत येतं. आमच्या घराला हीटिंग आहे, मागे छोटं गार्डन आहे, त्यात मी एकदा गावाकडची लाखोरीची डाळ पेरून बघितली. ती उगवली आणि थंडीने गेली. माझा वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा आहे. मी त्यांना उठवते, बसवते, अंग पुसते, कूस बदलते, पाठीला क्रीम लावते. त्या बाया मला लव्ह म्हणतात, डार्लिंग म्हणतात. माझ्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. त्यांची मुलं भेटायला येतात तेव्हा माझा हात धरून थँक्यू म्हणतात. त्या वेळी मला फार लाज वाटते आणि मी हसते.

बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. सगळ्या जगाचीच बंद होती, त्यामुळे मला कुणी बोल लावला नाही. भावाने मोबाइल धरला आणि मी किचनमध्ये उभं राहून मातीत उतरणारी पेटी बघितली. नेटवर्क अडखळत होतं. गोपाळकाका मास्क लावून एका बाजूला उभे होते, ते मला त्यांच्या दुपट्ट्यावरून ओळखू आले. पुढे कितीतरी दिवस मी सगळ्यांना सांगितलं की विमानंच बंद होती, काय करणार. कारण खरं होतं. पण विमानं चालू असती तर मी गेले असते की सुट्टी, तिकीट आणि मुलीची परीक्षा यांचा हिशेब करत बसले असते, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

त्यानंतर मायची नजर गेली. काचबिंदू. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही गेलं. भाऊ तिला गोंदियाला नेऊन आला, नागपूरलाही नेऊन आला. गेलेली नजर परत येत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तोवर आमचं दर रविवारी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. आता व्हिडिओला अर्थ उरला नाही. वहिनी तिच्या कानाला फोन लावून द्यायची. माय आधी फोन चाचपायची, मग म्हणायची, "आवाज तं येते व. पोरगी काऊन येत नाही?" मी हसून सुट्टीचं सांगायची. ती ऐकून घ्यायची.

एकदा ख्रिसमसनंतर मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं की माय, इथल्या लोकांना बाबांची गोष्ट किती आवडते. देवाने घर सोडलं, आम्हीही सोडलं, असं मी सांगते आणि लोक रडतात. मग ती म्हणाली, "तो वरतून खाली आला. तू खालून वरते गेली. बराबरी कायची करते?"

ती चिडून बोलली नव्हती. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं तिने सांगितलं आणि लगेच मुलीची चौकशी केली. मी मात्र दिवसभर त्यातून सुटले नाही. माय शाळेत गेलेली नाही, उपदेश चालू असताना तिला हमखास डुलकी लागायची, आणि तिने माझ्या इतक्या वर्षांच्या टाळ्या एका वाक्यात काढून घेतल्या. मी तिच्यावर रागावलेही. हीच बाई मला शिक म्हणाली होती, पुढे जा म्हणाली होती. पण राग टिकला नाही, कारण ती म्हणाली ते मला आधीपासून माहीत होतं. देवाला काय कमी होतं? त्याच्याकडे आवाज होता, स्वप्नं होती, देवदूत होते, संदेष्टे होते. शतकानुशतकं त्याने लांबून निरोप पाठवले. तेवढ्याने भागलं असतं तर बाईच्या पोटी जन्म घेऊन, ताप काढून, ठेचकाळून, खिळे ठोकून घ्यायची गरज नव्हती. ज्याला जागेवर बसून सगळं करता येतं, त्यालासुद्धा प्रेम करायला अंग घेऊन यावं लागलं. हे मी लहानपणापासून मानते, दर रविवारी उभी राहून कबूल करते. आणि आईच्या बाबतीत आपलं रविवारच्या फोनवर भागेल असं मला वाटत होतं.

मागच्या डिसेंबरात मी गेले. तीन आठवडे, एकटीच. अर्जुनीला उतरले, भाऊ मोटरसायकल घेऊन आला होता. घरी माय अंगणात खाटेवर बसली होती. तिने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, "गाल भरले," म्हणाली आणि वहिनीला हाक मारून खुर्ची आणायला सांगितली. माझ्यासाठी खुर्ची. मला नव्या ताटात वाढलं, बिसलरीची बाटली आणली. मी स्वयंपाकघरात गेले तर मीठ कुठे आहे ते मला सापडेना. वहिनी म्हणाली, "राहू द्या ना ताई, तुम्ही पाहुन्या आहा." ती प्रेमाने म्हणाली, पण मला ते लागलं. माय वहिनीच्या पावलांवरून ओळखायची की ती पाणी आणते आहे की गोळी. माझी पावलं तिला ओळखू येत नव्हती. मी जवळ गेले की ती मान वळवून विचारायची, "कोन व्हय?"

मी सोबत एक बॅग भरून सामान नेलं होतं. पाठीला क्रीम, बसायला मऊ कुशन, वाइप्स. चौथ्या दिवशी मी वहिनीला म्हटलं, आज मायला आंघोळ मी घालते. वहिनीने चुलीवर पाणी तापवून दिलं. बांबूच्या तट्ट्याच्या न्हाणीत मी मायला पाटावर बसवलं, लुगडं बाजूला केलं, पाणी हाताने बघितलं आणि बॅगेतून ग्लोव्ह्ज काढून घातले. त्यात विचार असा नव्हताच. इतकी वर्षं मी कुणाच्या अंगाला हात लावते तो ग्लोव्ह्ज घालूनच. पाठीवर माझा हात पडला आणि माय दचकून पुढे सरली.

"हातात का घातली व?"

"ग्लोव्ह्ज, माय. आमच्याकडे घालतात."

"काहाडून टाक," ती म्हणाली. "मी का घान आहो?"

मी काढले. ते निघता निघेनात, ओल्या बोटांना चिकटून बसले होते. मग मी उघड्या हाताने तिची पाठ चोळली. पाठीचे मणके बोटांना एकेक करून लागत होते. मानेखाली एक चामखीळ होती, ती मी कधी बघितलीच नव्हती. परक्या देशातल्या किती म्हाताऱ्यांच्या पाठी मला पाठ आहेत आणि जिच्या पाठीवर मी लहानपणी झोपायची तिची पाठ मी पहिल्यांदा बघत होते. मला रडू यायला लागलं. तिला ते दिसणार नव्हतं म्हणून मी मोकळेपणाने रडले. साबण धुऊन झाल्यावर तिने मागे हात करून माझा हात शोधला, पंजा उलटापालटा करून चाचपला आणि म्हणाली, "आता आली तू."

तीन दिवस मी त्या घरात होते, आणि तिच्या लेखी मी आत्ता पोचले होते. त्यानंतर रोज आंघोळ मीच घातली. नखं काढली, केसांना तेल लावलं. तिने मला बाबांच्या शेवटच्या आजाराचं सांगितलं, भावाने फोनवर न सांगितलेलं सगळं. मला ऐकवत नव्हतं, पण मी न्हाणीतून उठून जाऊ शकत नव्हते. फोन असता तर मी म्हटलं असतं, माय, बेल वाजली, नंतर करते.

निघायच्या दिवशी ती घराबाहेर आली नाही. भाऊ गाडी सुरू करून उभा होता. मी आत जाऊन पाया पडले, तिने डोक्यावर हात ठेवला आणि परत कधी येते हे विचारलं नाही. दर वेळी ती विचारायची. या वेळी न विचारल्याचं मला स्टेशनापर्यंत आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच शरम वाटली.

लीड्सला आल्यावर पहिल्या रविवारी मी फोन केला. वहिनीने उचलला. मायला फोन द्या म्हटलं तर ती घुटमळली. "ताई, माय नाही बोलत म्हनते," ती म्हणाली. "फोनवर नाही बोलन म्हनते. पोरगी इथं आली का मंग बोलन." मी म्हटलं, रुसली का? वहिनीने फोन बाजूला धरून विचारलं. मागून मायचा आवाज आला, स्वच्छ, अजिबात न रुसलेला. "रुसली-बिसली नाही. तिले मालूम हाये."

तेव्हापासून ती फोन घेत नाही. वहिनी सगळं सांगते. खाते, झोपते, पाय सुजतात, परवा न्हाणीत तोल गेला पण पडली नाही. मी ऐकते आणि नर्ससारखे प्रश्न विचारते. फेलोशिपमध्ये या वेळी मला गोष्ट सांगायला उभं केलं तेव्हा मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा चांगला होता.

गेल्या आठवड्यात मी वॉर्ड मॅनेजरकडे मोठी सुट्टी मागायला गेले. बाई चांगली आहे. तिने लगेच कॉम्प्युटरवर बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुणी वारलं का?" इथे तशा सुट्टीचा नियम आहे आणि तो लवकर लागू होतो. मी म्हटलं, नाही, आई जिवंत आहे, म्हणूनच जायचंय. तिला ते कुठल्या रकान्यात बसवावं ते कळेना. शेवटी तिने बिनपगारी सहा महिने मंजूर केले. नवरा म्हणाला, जा, आम्ही बघतो. मुलगी रात्री माझ्या कुशीत येऊन झोपली. म्हणजे एका बाजूचं अंग मी उचलून दुसऱ्या बाजूला नेणार आहे, आणि उचललं तिथे खड्डा पडणार आहे. सगळीकडे पूर्ण असणं त्या देवालाच जमलं. मला कुठेतरी कमी पडल्याशिवाय कुठे जाता येत नाही.

आणि तरीही मी परतीचं तिकीट काढलं आहे. ते न काढण्याचं धाडस मला झालं नाही. तुम्हाला कुणी विचारलं की तिचं घर कुठे, तर लीड्सचा पत्ता सांगा, तो खोटा नाही. पण मला विचाराल तर घर म्हणजे आता न्हाणीत पाटावर बसलेली एक बाई आहे, जी माझा फोन घेत नाही.